कमळाकरभाऊंचा गळका रेडिएटर

कमळाकरभाऊ माझे घरमालक होते, पण त्यांना घरात बसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या पत्नी पुतळावहिनी दुसरी भाकरी ताटात टाकेपर्यंत हे अंगणात जाऊन जीपचं बॉनेट उघडून, आत डोकावून, पुन्हा पाटावर आलेले असायचे. नेरूळच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा सानपाडा गावात त्यांच्या मागच्या माडीवरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. सामान उतरवून मी जेमतेम टेकले होते, तेवढ्यात हे दारात उभे.

"बाई, कुटं सोडू का?"

"भाऊ, मी आत्ताच आले."

"मंग बाजारात? वाशीला काय काम असंल तर बोला."

मला कुठेच जायचं नव्हतं याचं त्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं. ते दोनदा जिना उतरले आणि दोनदा परत वर आले, माझा विचार बदलला की काय ते बघायला.

आधी मला वाटायचं, या माणसाला काहीतरी लागलंय. मग पुतळावहिनींनी सांगितलं तेव्हा थोडं उमगलं. भाऊ तरुण असताना त्यांची खाडीकाठी भातशेती होती, मिठागरात वाटा होता. बांध फुटला, बैल सुटला, भरतीचं पाणी शेतात शिरलं, असं रोज काहीतरी व्हायचंच आणि हे धावायचे. मग शहर वसवायला जमीन गेली. शेतावर इमारती आल्या, घराच्या मागं खोल्या चढल्या आणि भाडं घरबसल्या येऊ लागलं. आता घरबसल्या येणारं काहीच या माणसाला मानवत नव्हतं. म्हणून त्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली आणि गावभरच्या लोकांची कामं अंगावर ओढून घेतली. कुणाचा आजारी बाप, कुणाच्या बारशाची भांडी, कुणाचा रुसून बसलेला जावई, सगळं कमळाकरभाऊंच्या जीपमधून जायचं. न सांगताही जायचं.

त्या जीपचा रेडिएटर गळायचा. रोज सकाळी जीपखाली ओला डाग असायचा, आणि तो बघितला की भाऊंना हुरूप यायचा, म्हणजे आज नझीरभाईंकडे जायला कारण मिळालं.

नझीरभाई मूळचे उरणकडचे. सानपाड्याच्या सर्व्हिस रोडला, ट्रकवाल्यांच्या गर्दीत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांची दोस्ती जुनी, भांडण रोजचं. नझीरभाईंचं म्हणणं एकच असे. रेडिएटर खाली उतरवू दे, वरची टाकी उघडू दे, नळ्यांतून सळई फिरवून आतला गाळ काढू दे, मग कथील वितळवून नीट डाग मारू, तोंडं बंद करून आत हवा भरू आणि पाण्याच्या हौदात बुडवू. बुडबुडा आला नाही तरच गाडी न्यायची. त्याला दोन दिवस लागतात. भाऊंचंही म्हणणं एकच असे. हाय तसाच राहू दे, वरून एक डाग मार, मी उभा हाय.

"अरे कमळू, मी गाडी खाऊन टाकणार आहे का? ठेव आणि घरी जा ना."

"घरी जाऊन काय करू?"

 नझीरभाई शिव्या देत वरून डाग मारायचे, आणि आठवडाभरात बाजूची नळी गळायला लागायची. वाटेत गाडी तापली तर भाऊंकडे दुसरा इलाज होता, सगळे ड्रायव्हर करतात तो. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची. ती फुगून भोकात बसते आणि गळती काही काळ थांबते. पुतळावहिनींच्या डब्यातली हळद त्यामुळे सारखी संपायची. "याच्या गाडीला रोज कालवन लागतं," असं त्या म्हणायच्या.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुचिताचं लग्न ठरलं. मुलगा उरणजवळच्या मोऱ्याचा, धनेश. घर त्यांच्याच समाजातलं, पोरगा बंदरात नोकरीला. सगळं मनासारखं होतं, आणि जसजशी तारीख जवळ आली तसतसे भाऊ अधिकच बिथरले. मांडवाचे बांबू आणायला स्वतः गेले. बांबू आखूड निघाले म्हणून बदलायला स्वतः गेले. मग आधीचेच बरे होते म्हणून तेही परत आणले. त्यांच्याकडे बघून मला धाप लागायची.

हळदीच्या आदल्या दिवशी पुतळावहिनींनी मला त्यांना शोधायला धाडलं. ते नझीरभाईंकडेच होते. या वेळी नझीरभाईंनी दटावून रेडिएटर उतरवायला लावला होता. एक बाजू झाली होती. मी पोचले तेव्हा तो हौदात होता आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर येत होती.

"बघ. इथलं बंद केलं की तिथं फुटतं," नझीरभाई म्हणाले. "आतली नळ्यांची जाळी जुनी झालीय. उद्या संध्याकाळपर्यंत सोड, सगळं उघडून करतो."

"उद्या हलद हाय."

"म्हणून तर सांगतो. उद्या तुला गाडी कशाला पाहिजे? पोरीचा बाप आहेस, मांडवात बस. टेन्शन घेऊ नको."

मांडवात बस म्हटल्यावर भाऊंचा चेहरा असा पडला की मला हसूच आलं. आता ते आठवलं की हसू येत नाही. त्यांनी तो अर्धवट रेडिएटर तसाच बसवायला लावला आणि जीप घेऊन गेले.

मी देशावरची. मला त्यांच्या हळदीची रीत वहिनींनी आधीच नीट समजावली होती. हळद आधी नवऱ्याला लागते. त्यातली उरलेली, उष्टी हळद नवऱ्याकडच्या बायका घेऊन येतात, आणि तीच नवरीला लागते. ती येईपर्यंत नवरी पाटावर बसून राहणार आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण तोंड उघडणार नाही. धनेशला दुपारी हळद लागायची होती, सुचिताला दिवेलागणीला.

सकाळीच भाऊंनी जाहीर केलं की हळद आणायला आपण स्वतः मोऱ्याला जाणार.

"नवरीचा बाप हलद आनायला जातो का कुटं?" वहिनी कडाडल्या. "लोक तोंडात शेन घालतील."

"ते टेम्पोनं येनार. टेम्पोवाल्यांचा काय भरवसा?"

"नि तुमच्या गाडीचा हाय?"

भाऊ किल्ली शोधायच्या निमित्तानं सटकले. जीपपाशी त्यांना सुचितानं गाठलं. मी तिथेच उभी होते. ही मुलगी बोलायला अगदी कमी, आईबापाच्या भांडणात कधी पडायची नाही. तिनं जीपचा दरवाजा धरला.

"बाबा, आज पयला हात तुमचा हां."

"बायांचं काम हाय ते."

"मना काय ठाव नाय. तुमचा हात लागल्याबिगर मी कोनाला हलद लावून देनार नाय."

"हो गं. दिवेलागनीच्या आत येतो," असं म्हणून त्यांनी जीप चालू केली आणि तिच्याकडे न बघता मागं घेतली. वहिनींनी मला पाठीला हात लावून जीपमध्ये ढकललं. "बाई, तुमी जा बरोबर. याला वेलेवर परत आना." शाळेला सुट्टी होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. चरफडत बसले.

जाताना बेलापूरचा खाडीपूल ओलांडला तेव्हाच तापमानाचा काटा वर चढायला लागला. भाऊंनी जीप बाजूला घेतली, कॅनमधलं पाणी ओतलं आणि डॅशबोर्डमधली हळदीची पुडी सगळीच्या सगळी रेडिएटरमध्ये रिकामी केली. "आता मोऱ्यापरत बघायला नको," म्हणाले. त्या वेळी ते खरंही ठरलं.

मोऱ्याला नवऱ्याच्या मांडवात सगळे आम्हाला बघून चाट पडले. नवरीच्या बापाला बघून धनेश पाटावरूनच उठायला लागला, त्याला बायकांनी खाली दाबला. भाऊंना सरबत दिलं, ते त्यांनी उभ्याउभ्या प्यायलं. हळद आणण्याचा मान धनेशच्या आत्याचा, सगुणाआत्याचा होता. आत्या अंगानं भक्कम, तोंडानं फटकळ. लाल फडक्यानं झाकलेली पितळेची वाटी तिनं पोटाशी धरली होती, आणि ती नवरीच्या दारापर्यंत भुईला टेकवायची नाही अशी रीत होती. बाकीच्या बायका टेम्पोत बसून गात पुढं गेल्या. वाटी मात्र जीपमधूनच येणार, मानाची हळद मानानं येणार, असा भाऊंनी हट्ट धरला. आत्याला मान ही गोष्ट आवडली. ती पुढच्या सीटवर बसली, मी मागं.

जासई सोडली आणि दोन्ही बाजूंना मिठागरं लागली, तिथं बॉनेटखालून वाफ आली. भाऊ उडी मारून उतरले. झाकण गरम असताना उघडू नये हे शाळकरी पोरालाही कळतं, पण थांबणार कोण? फडकं लावून त्यांनी ते फिरवलं आणि उकळतं पाणी मनगटावर उडालं. त्यांनी हात नुसता झटकला. एका मिठागराच्या झोपडीतून मी मडकंभर पाणी आणलं. वरून ओतलं तसं ते खालून ठिबकत होतं.

भाऊंनी डॅशबोर्ड उचकला, रिकामी पुडी झटकली. मग ते हळूहळू सगुणाआत्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि वाटीकडे बघायला लागले.

"काय?" आत्यानं वाटी छातीशी ओढली.

"मूठभर द्या."

"येडा झालास काय रं? पोराची उष्टी हलद हाय ही. गाडीला लावतस?"

"आत्या, ही हलद इथंच रायली तर पोरीला काय लावनार? थोडी गाडीला द्या, बाकीची पोचवतो. शप्पत."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी देशावरची, मला काय विचारतेस, असं मी तोंडानं नाही पण चेहऱ्यानं सांगितलं. रस्त्यावरून बंदराचे कंटेनर धडधडत जात होते, एकही थांबत नव्हता, आणि ऊन उतरायला लागलं होतं. शेवटी आत्यानं डोळे मिटले आणि फडकं बाजूला केलं. भाऊंनी मूठभर घेतली. मग, गळती मोठी आहे म्हणून, आणखी एक मूठ.

भाऊ झाकण लावत होते तेव्हा आत्या म्हणाली, "आमच्या घरात नुसती हलद नाय लावत हां. तांदलाचं पीठ नि नारलाचा रस घालतात."

भाऊंनी ते ऐकलं, पण त्यांचा एक पाय गाडीत होता. मीही ऐकलं, आणि पोळीचं पीठ मळणाऱ्या बाईनं ओळखायला हवं होतं ते मलाही सुचलं नाही. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की काय होतं ते गव्हाण फाट्याच्या थोडं अलीकडे कळलं. गळती पक्की बंद झाली होती. पण पाणी फिरणंही बंद झालं होतं. इंजिन तापून आचके देत थांबलं ते थांबलंच.

फाट्यावर टपरीत पीसीओ होता. मी चालत जाऊन नझीरभाईंच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. ते काय ते समजले. दोर घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोची सोय करून, स्वतः स्कूटरवरून पुढं आले. तोवर भाऊंनी जीपभोवती इतक्या चकरा मारल्या होत्या की आत्या ओरडली, "बस रं बाबा एका जागी, मना चक्कर येते." वाटी तिच्या मांडीवरच होती.

नझीरभाईंनी झाकण उघडून आत बोट घातलं. पिवळी, चिकट खळ बोटाला लागली.

"कमळू, ह्यात तू खीर शिजवलीस."

"हुईल ना काय तरी?"

"इथं काही होत नाही. जाळी उतरवून एकेक नळी मोकळी करायला लागेल. ते सोड आता." त्यांनी सूर्याकडे बघितलं. "माझी स्कूटर घे. आत्याला मागं बसव आणि जा. गाडीपाशी मी थांबतो, बाई आहेत. टेम्पो येतोय मागून."

रस्ता मोकळा होता. हळद वेळेत पोचणार होती, बापही पोचणार होता. मला वाटलं भाऊ उडी मारून स्कूटरवर बसतील. पण ते जीपला चिकटले. टेम्पोवाल्याला दोर कुठं बांधायचा ते कळणार नाही. बॅटरी चोरतील. नवरीच्या बापानं उष्टी हळद वाहून न्यावी हे रीतीला धरून आहे का, आत्या? सकाळी कुठं गेली होती यांची रीत! माझा तोल सुटला.

"भाऊ, ती पाटावर बसलीय. पहिला हात तुमचा म्हणालीय. ऐकलंय मी."

भाऊंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. नझीरभाईंनी जीपची किल्ली त्यांच्या मुठीतून सोडवून आपल्या खिशात टाकली आणि स्कूटर चालू करून दिली. आत्या एका हातानं वाटी आणि एका हातानं भाऊंचा खांदा धरून मागं बसली. स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

टेम्पो यायला बराच उशीर झाला. दिवेलागण झाली. आता तिकडं हळद चालू असेल, असं मी नझीरभाईंना म्हणाले. ते जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते, त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बेलापूरकडून एक दिवा आला, आमच्या बाजूला वळला आणि थांबला. नझीरभाईंचीच स्कूटर होती. वर एकटे कमळाकरभाऊ.

"स्कूटर द्यायला आलो," ते म्हणाले.

 मी विचारलं, "हळद लागली?"

"आत्याला सोडली मांडवाच्या कडेला."

"आणि तुम्ही?"

ते जीपच्या चाकावर लाथ मारत राहिले. हळू, पुन्हा पुन्हा. मग म्हणाले, "बाई, ती बसली व्हती पाटावर. पिवली साडी. मान वर करून रस्त्याकडंच बघत व्हती. मना पुडं जाववलं नाय. हात लावला नि झालं ना मंग. उद्या जानार ती. घरात कोन नाय मंग. मी नि ती येकमेकांची तोंडं बघत बसनार." ती म्हणजे पुतळावहिनी. एवढं बोलून त्यांनी बॉनेट उघडलं आणि अंधारात आत डोकं घातलं. बघायला आत काहीच नव्हतं. त्यांचे खांदे हलत होते. मला इतका राग आला होता, आणि इतकी कीव, की मी तोंड फिरवून मिठागराकडे बघत उभी राहिले.

नझीरभाईंनी थोड्या वेळानं बॉनेट खाली ओढलं. "जीप माझ्या दुकानात जाणार आता," ते म्हणाले. "जाळी पूर्ण उतरवणार. किती दिवस लागतील ते मी सांगणार, तू नाही."

भाऊंनी मान हलवली. वाद घातला नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते. टेम्पो आला, दोर बांधला, जीप नझीरभाईंच्या दुकानासमोर सोडली आणि भाऊ आणि मी पायी घराकडे निघालो. वाटेत माझी खात्री होती की सगळं उरकलं असणार, बायका जेवून पांगल्या असणार, आणि या माणसाला आता जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. ते माझ्या मागं दोन पावलं चालत होते.

मांडवात गाणं नव्हतं. माणसं मात्र सगळी होती. मोऱ्याच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, सरस्वती धवलारीण पदर तोंडावर घेऊन पेंगत होती, चुलीवरचं जेवण तसंच होतं. सगुणाआत्या वाटी मांडीवर धरून बसली होती, फडकं अजून घातलेलं. आणि मधोमध पाटावर सुचिता. चेहरा कोरडा, हळदीचं बोट लागलेलं नाही.

पुतळावहिनी भाऊंवर धावून जाणार होत्या. सुचितानं हातानं त्यांना थांबवलं.

"तुमी आत्याला सोडून वललात. मी बघितलं, बाबा."

"नझीरला स्कूटर द्यायची व्हती."

"दिली?"

"दिली."

"गाडी झाली नीट?"

"नाय. सोडून आलो त्याच्याकडं."

"मंग आता कुटं जायचं नाय ना?"

भाऊंनी मांडवाच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे, जणू मला कुठंतरी सोडायचं असेल. मी मान हलवून नाही म्हटलं. ते पुढं गेले आणि मुलीसमोर जमिनीवर बसले. सगुणाआत्यानं फडकं काढलं. वाटीच्या तळाशी थोडीशीच हळद उरली होती. त्यांनी त्यात बोटं बुडवली आणि सुचिताच्या गालावर टेकवली. हळद कानापर्यंत पसरली. त्यांना हात मागं घ्यायची घाई झाली होती.

"राहू दे थोडा वेल," सुचिता म्हणाली.

कमळाकरभाऊंनी हात तिथंच ठेवला, आणि धवलारीण जागी होऊन गायला लागली तरी काढला नाही.